टिटवीची बॅटरी

“लिथियम घालू की निकेल, तेवढं सांगा चाचा. हो की नाही, एका शब्दात!”

शाल्मलीच्या खांद्यावरची सॅक अजून उतरली नव्हती. फाटकही तिने मागे उघडंच टाकलं होतं.

उस्मानचाचा अंगणात स्टुलावर उभे होते. माडाला बांधलेली अँटेनाची तार सैल पडली होती, ती ते ताणत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

“लिथियम की निकेल, ह्याला हो म्हणू की नाही म्हणू?”

“म्हणजे... लिथियमच ना?”

“जेवलीस?”

“चाचा, जेवायला वेळ नाहीये.”

“मग आधी जेव,” असं म्हणून चाचा स्टुलावरून उतरले आणि फाटक लावायला गेले.

असा हा माणूस. उस्मान मुकादम. उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून घालवली आणि नोकरी संपल्यावर रत्नागिरीकडच्या एका खाडीवर, खडकाळ माळाच्या, सड्याच्या टोकाला घर बांधून राहिले. जहाज सुटलं, पण रेडिओ सुटला नाही. जगात हौशी रेडिओवाल्यांची एक मोठी जमात आहे. ही माणसं रीतसर परवाना काढतात, घरात यंत्रं मांडतात आणि ओळख ना पाळख अशा माणसांशी हजारो मैलांवरून गप्पा मारत बसतात. त्यातून मिळत काहीच नाही आणि सुटतही नाही. या जमातीत चाचांना गुरू मानणारे पुष्कळ.

शिकवायची त्यांची तऱ्हा मात्र वेगळी होती. ते शिकवतच नसत. ओट्यावर बसवून चहा पाजत आणि भलतंच काहीतरी विचारत. काही जण वैतागून जात आणि परत येत नसत. काही जण तितकेच वैतागून जात आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा हजर होत. शाल्मली देवस्थळी या दुसऱ्या गटातली.

ती साताऱ्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि तिथल्या उपग्रह गटाची म्होरकी होती. उपग्रह म्हणजे फार मोठं धूड डोळ्यांपुढे आणायचं कारण नाही. चहापत्तीच्या डब्याएवढा चौकोनी ठोकळा, बस्स. त्याचं नाव ‘टिटवी’. टिटवीने पृथ्वीभोवती फिरायचं आणि खालच्या हौशी रेडिओवाल्यांना आपल्या नावाची हाक देत राहायची, एवढंच तिचं काम. रॉकेटवर जागा मिळाली होती. वर्षानुवर्षं डोक्यात असलेली गोष्ट आता खरंच आभाळात जाणार होती.

अडलं होतं ते बॅटरीपाशी. आज दुपारी कुठली बॅटरी ते ठरवून रॉकेटवाल्यांना कळवायचंच होतं. त्यानंतर टिटवीला हलवून, तापवून, गोठवून बघणार, आणि मग तिच्यातला एक स्क्रूसुद्धा बदलता येणार नाही. शाल्मलीला लिथियम हवं होतं. ओजस कुंटे म्हणून गटातला दुसरा हुशार पोरगा होता, तो जुन्या पद्धतीच्या निकेलवर अडून बसला होता. त्यावरून गटाचे दोन तट पडले होते आणि ते एकत्र चहासुद्धा पीत नव्हते. दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर झालं: उस्मानचाचा म्हणतील ते खरं.

म्हणून शाल्मली पहाटेची एसटी धरून आली होती. खरं सांगायचं तर ती सल्ला घ्यायला आली नव्हती, शिक्कामोर्तब करून घ्यायला आली होती.

रुकय्याचाचींनी तिच्या हातात घावन-चटणीची बशी दिली. चाची या घरातल्या एकट्याच अशा, ज्यांना लिथियमशी काही देणं-घेणं नव्हतं.

“खा गो बाय. कसा तोंड सुकलाय तुझा!”

शाल्मलीने एक घास तोंडात घातला आणि दुसऱ्या हाताने सॅक उघडली.

तिने टिटवीची एक नक्कल जोडून आणली होती. खरी टिटवी कॉलेजात कुलुपात होती. ही तिची बहीण म्हणायची. आतले सगळे भाग एका लाकडी फळीवर उलगडून मांडलेले, बाजूला पाटीएवढं सोलर पॅनेल आणि चिमट्याने बसवलेली लिथियमची बॅटरी. फळी तिने अंगणात उन्हात ठेवली आणि बटण दाबलं.

ओट्यावरच्या चाचांच्या रेडिओतून आवाज आला.

डा... डिडिट्... डा... डिडिडिडा... डिडिट्.

मोर्सच्या भाषेत ‘टिटवी’.

चाचांचा चेहरा असा काही उजळला की शाल्मलीला वाटलं, झालं काम.

“आवाज गोड आहे,” चाचा म्हणाले.

“आवाज माझा आहे. म्हणजे सूर मी निवडला.”

“छान.”

“मग लिथियम?”

चाचा ओट्यावर टेकले. “सांग,” म्हणाले. “सगळं सांग.”

शाल्मली याचीच वाट बघत होती. तिने बशी बाजूला ठेवली.

“टिटवी दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारणार. त्यातला साधारण तिसरा हिस्सा पृथ्वीच्या सावलीत. तिथे ऊन नाही, म्हणजे सगळा भार बॅटरीवर. निकेलचे सेल जड. तेवढ्याच वजनाच्या लिथियममध्ये दुपटीहून जास्त वीज मावते. निकेल घातलं तर टिटवीला सावलीत बोलता येणार नाही. लिथियम घातलं तर येईल. उजेड असो, अंधार असो, माझी टिटवी क्षणभरसुद्धा गप्प बसणार नाही!”

“आणि ओजस काय म्हणतो?”

“ओजसचं काय... तो म्हणतो निकेल दणकट. थंडी सोसतं, आपली हेळसांड सोसतं, पार रिकामं झालं तरी पुन्हा उठतं. लिथियम नाजूक. एकदा तळाला गेलं की गेलंच.”

“खरं आहे?”

“...खरं आहे. पण त्यावर मी तोड काढलीय ना!”

आणि मग तिने आपली तोड सांगितली. ती सांगताना तिचा आवाज जरा चढला, कारण ही गोष्ट तिची स्वतःची होती आणि तिचा तिला अभिमान होता. टिटवीच्या मेंदूत तिने एक नियम लिहून ठेवला होता. उठल्या उठल्या टिटवीने आधी बॅटरीची विचारपूस करायची. बॅटरी बरी असेल तर कामाला लागायचं. अशक्त असेल तर तिच्यावर काडीचा भार टाकायचा नाही, सगळं बंद ठेवायचं आणि ती भरेपर्यंत थांबायचं. नाजूक बॅटरीला याहून कोण जपणार?

“सरांनी कौतुक केलं याचं,” ती म्हणाली. “आता ओजसकडे दुसरा मुद्दाच नाही. तो नुसता हट्ट...”

चाचांनी हात वर केला.

शाल्मली थांबली. तिला वाटलं, चाचा काही बोलणार. चाचा बोलले नाहीत. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

ओट्याच्या भिंतीवर जहाजावरचं एक पितळी घड्याळ होतं. तबकडीवर दोन लाल पाचरी रंगवलेल्या होत्या. जुन्या काळी जहाजांच्या रेडिओ खोल्यांमध्ये असं घड्याळ असे. मोठा काटा लाल पाचरीत शिरला की समुद्रावरच्या सगळ्या जहाजांनी बोलणं थांबवायचं आणि तीन मिनिटं नुसतं ऐकायचं. कुठे कुणी बुडत असेल, त्याची बारीक हाक बाकीच्यांच्या गोंगाटात हरवू नये, म्हणून. जहाजांवरचा तो नियम केव्हाच मागे पडला. चाचांच्या घरात तो चालू होता. चाचींचं म्हणणं असं की तासातून दोनदा या घरात कुणाला भांडता येत नाही, म्हणून संसार टिकला.

...

बोलायच्या भरात आलेल्या माणसाला तीन मिनिटं म्हणजे शिक्षाच. शाल्मलीने ओठ आवळले. घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा ओठ आवळले.

...

खाली खाडीतून होडीच्या इंजिनाची टकटक आली आणि गेली. आत चाचींनी सांडशी अलगद खाली ठेवली.

...

डा... डिडिट्... डा... डिडिडिडा... डिडिट्.

गेले कित्येक महिने हा आवाज तिच्या टेबलावर वाजत होता, पण नुसता बसून तिने तो कधी ऐकला नव्हता. दर वेळी एखादा आकडा बघायचा असे. आता बघायला काही नव्हतं. आवाज खरंच गोड होता. तिला आपल्या टिटवीची एकदम माया आली.

काटा पाचरीतून बाहेर पडला.

“दोन्हींपैकी,” चाचांनी विचारलं, “चांगली मरते कुठली?”

“काय?”

“बॅटरी. चांगली मरते कुठली?”

“चांगली मरते म्हणजे?”

“म्हणजे मागे राहिलेल्यांचे हाल न करता.”

शाल्मलीला हसू आलं. मग चाचा हसत नाहीत हे तिच्या लक्षात आलं. तिने वजन पाहिलं होतं, उष्णता पाहिली होती, थंडी पाहिली होती. बॅटरी कशी मरते हे तिनेही पाहिलं नव्हतं आणि ओजसनेही. दोघंही आपापली बॅटरी जगते कशी यावरूनच भांडत होते.

“चाचा, मेल्यावर काय बघायचंय? बॅटरी मेली म्हणजे टिटवी मेली. संपलं.”

“असं?”

“असंच असतं.”

चाचा उठले. चपला घालून अंगणात गेले. फळीपाशी उकिडवे बसले, टिटवीकडे जरा वेळ कौतुकाने बघितलं आणि चिमटा दाबून बॅटरी काढून घेतली.

रेडिओ ‘डा... डिडिट्...’ एवढं बोलला आणि गप्प झाला.

“चाचा! काय केलंत?”

“मारली.”

शाल्मली ओट्यावरून उडी टाकून धावली. तिला खरोखर राग आला होता. परीक्षा घ्यायची तर माणसाची घ्यावी, त्या बिचाऱ्या फळीची कशाला?

“ऊन आहे?” चाचांनी विचारलं.

“आहे.”

“पॅनेलमधून वीज येते?”

तिने चिडून सॅकमधला मीटर काढला, तारांना टेकवला. “येतेय. भरपूर येतेय.”

“बोलायला पुरेल?”

“...जवळजवळ. हो, पुरेल.”

“मग ही गप्प का?”

“बॅटरीची विचारपूस करतेय. उत्तर आलं नाही म्हणून थांबलीय.”

“कुठवर थांबेल?”

“बॅटरी बरी होईपर्यंत.”

चाचांनी तळहात उघडून तिच्यासमोर धरला. हातात बॅटरी होती.

“ही तर मेली.”

तिने बोटाने बॅटरी चाचपली.

“मग?”

“मग...” शाल्मलीने टिटवीकडे बघितलं. पॅनेल उन्हात लखलखत होतं. “मग कायमचीच थांबेल.”

“वर ऊन किती वर्षं असेल?”

“टिटवी वर असेल तोवर.”

“आणि हा थांबायचा हुकूम कुणाचा?”

“माझा.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. निकेल असतं तरी तेच झालं असतं, कारण नियम एकच होता. लिथियम लवकर मेलं असतं आणि निकेल उशिरा, एवढाच फरक. दोन तट, आठवडाभराचा अबोला, आणि दोन्ही तटांची टिटवी रणरणत्या उन्हात तोंड मिटून फिरत राहणार. चहूकडे वीज, आणि ही आपली मेलेल्या बॅटरीची तब्येत विचारतेय, बरं वाटतंय का गं, बरं वाटतंय का गं...

आणि शाल्मलीला हसू फुटलं. आधी तिने ते आवरायचा प्रयत्न केला. मग ती तिथेच अंगणात फतकल मारून बसली आणि पोट धरून हसली. चाचाही हसायला लागले. दात कमी असल्यामुळे त्यांच्या हसण्यातून नुसती हवाच बाहेर पडायची, ते बघून ती आणखी हसली.

“काय झाला?” आतून चाचींनी विचारलं.

“बॅटरी मेली!” चाचांनी सांगितलं.

“नि हसतास काय रे मेल्यांनो!”

शाल्मलीने डोळे पुसले.

“चाचा, सोल्डरिंग गन आहे?”

“आहे.”

“आणि तुमचा तो भंगाराचा डबा?”

“भंगार कुणाला म्हणतेस गो?” असं म्हणत चाचा आत गेले आणि बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन आले.

मग ती कामाला लागली. पॅनेलपासून टिटवीच्या रेडिओपर्यंत वीज आजवर बॅटरीच्या दारातूनच जात होती. तिने बाहेरून एक सरळ वाट काढून दिली. लॅपटॉप मांडीवर घेऊन आपला लाडका नियम उघडला आणि स्वतःच्या हाताने बदलला. आता टिटवीने बॅटरीला विचारायचं जरूर, पण उत्तर नाही आलं तरी ऊन असेल तर उठायचं. चाचा फळी धरून बसले होते. मध्येच ते म्हणाले, “यातलं मला काही कळत नाही हं. तू कर.” ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

“बघू आता,” शाल्मली म्हणाली. बॅटरीची जागा रिकामीच होती. तिने बटण दाबलं.

डा... डिडिट्... डा... डि...

आणि गप्प.

थोड्या वेळाने पुन्हा. डा... डिडिट्... डा... डि... गप्प.

“तोतरी झाली,” चाचा म्हणाले.

“दम लागतोय तिला. बोलताना एकदम जास्त वीज ओढते, तेवढी पॅनेल एका झटक्यात देत नाही.” शाल्मली बिस्किटांच्या डब्यात हात घालून खुडबुड करत होती. “हा! हा चालेल.”

तिच्या हातात अंगठ्याएवढा एक कपॅसिटर होता. क्षण-दोन क्षण पुरेल एवढी वीज पोटात धरून ठेवणारा. तिने तो नव्या वाटेवर डकवला, फुंकर मारून गार केला आणि मागे सरकून बसली. आता बटण दाबायचीही गरज नव्हती.

डा... डिडिट्... डा...

शाल्मली रेडिओकडे वळली.

...डिडिडिडा... डिडिट्.

“बोलली!” ती ओरडली. “चाचा, बोलली! बॅटरीशिवाय बोलली!”

ती उठून नाचलीच. चाचांनी पॅनेलवर पंजा धरला. टिटवी गप्प. पंजा काढला. डा... डिडिट्... पुन्हा धरला. गप्प. काढला. बोलली. दर वेळी ती मेलेली असायची आणि दर वेळी नव्याने जन्मल्यासारखी आपलं नाव पहिल्यापासून सांगायची. शाल्मलीने मग स्वतःचा हात धरून बघितला. चाचींना राहवलं नाही, त्या तांदूळ पाखडायचं सूप घेऊन आल्या आणि पॅनेलवर सावली धरून म्हणाल्या, “झाकू? ... उघडू? ... झाकू?” तीन मोठी माणसं भर दुपारी अंगणात बसून हा खेळ खेळत होती, आणि त्यांना तो पुरेना.

तेवढ्यात ओट्यावरच्या दुसऱ्या सेटवर खरखर झाली. कॉलेजातल्या रेडिओ खोलीतून ओजस बोलावत होता. ठरलेली वेळ झाली होती.

शाल्मली ओट्यावर धावली आणि माइक उचलला. दोन्हीकडची सांकेतिक नावं रीतसर झाली. मग ओजसने काळजीच्या आवाजात विचारलं, “काय म्हणाले चाचा? कोण जिंकलं? ओव्हर.”

तिने माइकचं बटण दाबलं. “ओजस, आधी एक ऐक.” आणि माइक चाचांच्या रेडिओसमोर धरला. डा... डिडिट्... डा... डिडिडिडा... डिडिट्. “ऐकलंस? ओव्हर.”

“ऐकलं. टिटवी आहे. तिला काय झालं? आणि बॅटरी कुठली घातलीय? ओव्हर.”

“कुठलीच नाही. बॅटरी चाचांच्या खिशात आहे. ओव्हर.”



...

मग ओजसचा आवाज आला, हळू. “म्हणजे तुझा तो नियम...”

“तो नियम गाढवपणाचा होता. बदलला. बॅटरी मेली तरी आता टिटवी उन्हात जगेल. जोवर पॅनेल आहे तोवर बोलेल. लिथियम असो, निकेल असो. ओव्हर.”

पलीकडे एकदम कल्ला झाला. पाच-सहा गळे एकाच वेळी ओरडत होते आणि त्यात दोन्ही तटांचे होते, हे आवाजांवरून तिला कळलं. कुणीतरी टेबल बडवत होतं. शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी सगळे एका खोलीत होते.

कल्ला ओसरल्यावर ओजस म्हणाला, “शाल्मली, भारी काम. पण बॅटरीचं एक नाव कळवायचंच आहे गं. सावलीचं काय? तिथे बॅटरी लागणारच. रॉकेटवाले वाट बघतायत. सांग, काय लिहू? तू म्हणशील ते. ओव्हर.”

तू म्हणशील ते! आठवडाभर तिला हेच शब्द ऐकायचे होते. लिथियम, एवढंच म्हणायचं होतं. तिने बटण दाबलं.

आणि शब्द बाहेर येईना.

तिला एक गोष्ट पहिल्यापासून माहीत होती. तिने ती कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलासुद्धा मोठ्याने नाही. टिटवीने सावलीतही बोलत राहायचं, तर दर फेरीला लिथियमची बॅटरी तळापर्यंत पिळून निघणार. दिवसाला अशा पंधरा-सोळा फेऱ्या. नाजूक जीव, तो असा किती दिवस काढणार? निकेलवर एवढा ताण येणार नव्हता, कारण त्यात सावलीत बोलण्याइतकी वीज नव्हतीच. टिटवीचं घड्याळ चालू ठेवायला आणि तिला थोडी ऊब द्यायला ते पुरलं असतं, वर्षानुवर्षं पुरलं असतं. एवढंच.

पण ती तर सगळ्यांना सांगून बसली होती. कॉलेजात, घरी, सरांना. माझी टिटवी क्षणभरसुद्धा गप्प बसणार नाही, असं.

ती चाचांकडे वळली. अंगठा बटणावर तसाच राहिला होता आणि तिकडे कॉलेजातली पोरं कान लावून ऐकत होती, हे ती विसरूनच गेली.

“चाचा... निकेल घातलं तर टिटवी टिकेल. मला माहितीय. ओजस बरोबर आहे.” हे म्हणताना तिला जड जाईल असं वाटलं होतं, पण हलकंच वाटलं. “पण सावलीत शिरली की तिच्या तोंडातून एक अक्षर निघणार नाही. दर फेरीला. मी काय करू? काय करायचं हो तिने तेवढा वेळ?”

चाचांनी अंगणातल्या फळीकडे पाहिलं. चाचींनी सूप पॅनेलवर टेकवून ठेवलं होतं आणि त्या दाराच्या चौकटीला रेलून ऐकत होत्या. टिटवी गप्प होती.

...

“सावली म्हणजे,” चाचांनी विचारलं, “तिची रात्रच ना?”

“हो. रात्रच.”

“मग झोपू दे की गो तिला.”